मशीन किती एचपीचं? गणित आपणच मांडूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय तो वाचून मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. ‘आउटबोर्ड मशीनची ताकद कशी ठरवावी.’ बचतगटाच्या सभेत हे कुठून आलं, असं वाटणारच. तर आधी ते सांगते.

आपल्या खाडीकाठच्या एका गटाने प्रभागसंघाकडे कर्जाची मागणी केली आहे. गटाकडे १८ फुटी फायबरची होडी आहे, तिला २५ एचपीचं मशीन आहे. पर्यटकांना खाडीत फिरवून आणायचं काम त्या दोन हंगाम करताहेत. आता त्यांना होडीच्या मागे बनाना ओढायचाय. पुढच्या वर्षी जमलं तर वॉटर स्की. म्हणजे माणूस पायाला फळ्या बांधून दोरीला धरतो आणि होडी त्याला पाण्यावरून ओढत नेते, तो खेळ.

आता मशीनवरून गटात तीन मतं पडलीत. एक जण म्हणते, आहे त्या २५ वरच चालवूया, कर्ज कशाला? दुसरी म्हणते, विक्रेता सांगतो ४० पुरे. तिसरीच्या घरातले म्हणतात, घेताय तर ६० च घ्या, परत परत घेणं होत नाही. आणि कर्ज समितीतल्या आपल्या ताया कुठल्या? डोंगराकडच्या. त्यांचं काम शेळ्यांचं, काजूचं, कोकमाचं. त्या मला म्हणाल्या, “इंजिनातलं आम्हाला काय कळतंय? तुम्ही सांगाल ते.”

मला आज हेच वाक्य खोडायचं आहे. मी समाजकार्य शिकलेय, इंजिनिअरिंग नाही. पण हे गणित बेरीज आणि भागाकाराचं आहे. ज्या बाया दर महिन्याला गटाचं व्याज तोंडी काढतात, त्यांना हे येणारच. आणि हे दुसऱ्या कुणी ठरवलं, तरी हप्ता फेडायचा आपल्यालाच आहे.

एचपी म्हणजे काय?

एचपी म्हणजे अश्वशक्ती. ७५ किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढी एक अश्वशक्ती. विहिरीवरचा पंप ३ एचपीचा की ५ एचपीचा, हे तुम्ही रोज बोलताच. चक्कीची मोटरही एचपीतच मोजतात. होडीचं मशीन काही वेगळं नाही.

पण पंप घेताना तुम्ही काय विचारता? विहीर किती खोल, पाणी किती लांब न्यायचंय. म्हणजे आधी काम ठरतं, मग मोटर. होडीच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. शेजारच्याने किती एचपीचं घेतलं, ते आधी बघतो.

तर काम काय आहे, ते बघूया.

पहिले पाच सेकंद

विहिरीतून कळशी ओढताना तुमच्या लक्षात आलं असेल. कळशी पाण्यात बुडालेली असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की जड होते, हाताला रग लागते.

स्कीवाल्याचं बरोब्बर उलटं असतं. तो पाण्यात असतो तेव्हा सगळ्यात जड. छातीपर्यंत बुडालेला, फळ्यांची टोकं वर, गुडघे पोटाशी. होडी ओढायला लागली की तो सगळं पाणी पुढे ढकलत येतो. एकदा का तो फळ्यांवर उभा राहिला आणि पाण्यावरून घसरायला लागला, की एकदम हलका होतो. बनानाचंही तसंच. पाच माणसं बसलेला बनाना पाण्यात दबलेला असतो, वेग आला की वर उचलला जातो.

होडीचंही हेच आहे. हळू चालताना तिचं नाक वर, पिछाडी खाली, आणि मागे मोठी लाट. वेग वाढला की ती स्वतःच्याच लाटेवर चढते आणि सपाट होऊन धावायला लागते. आपल्याकडचे होडीवाले म्हणतात, ‘होडी उठली.’ उठेपर्यंत मशीनचा जीव निघतो, उठल्यावर त्याला आराम.

म्हणून हे एक वाक्य वहीत लिहून घ्या: ओढायच्या कामाला मशीनची ताकद लागते ती पहिल्या पाच-सहा सेकंदांसाठी. तेवढ्या वेळात होडीही उठली पाहिजे आणि मागचा माणूसही. त्याहून जास्त वेळ लागला तर स्कीवाल्याच्या नाकातोंडात पाणी जातं, हात भरून येतात, दोरी सुटते. दुसऱ्यांदा तेच झालं की तो म्हणतो, नको. आणि पैसे परत मागतो.

मग वेग किती लागतो? पहिल्यांदा स्की करणाऱ्या मोठ्या माणसाला ताशी साधारण ३० ते ४० किलोमीटर. मुलांना त्याहून बराच कमी, २० ते २८. बनानाला २०-२५ पुरेत. स्कीच्या मोठमोठ्या स्पर्धांमध्ये, फुग्यांना वळसे घालत जाण्याच्या प्रकारात, होडीचा जास्तीत जास्त वेग पुरुषांसाठी ताशी ५८ आणि बायकांसाठी ५५ किलोमीटर असतो. तेव्हा ‘आमचं मशीन ताशी ७० ने पळतं’ असं कुणी सांगितलं, तर छान म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा: पाच माणसं मागे असताना किती सेकंदात उठतं?

गंमत म्हणून सांगते. हा खेळ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, पेपिन नावाच्या तलावावर सुरू झाला. २ जुलै १९२२ ला राल्फ सॅम्युएलसन नावाचा १८ वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पाण्यावर उभा राहिला. त्याच्या फळ्या होत्या जवळपास ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद. टोकं वर वळवायला त्याने त्या आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळल्या! आईने काय म्हटलं असेल ते तुम्हीच ठरवा. त्याच्या भावाच्या होडीला फार वेग नव्हता. वेग कमी असला की माणसाला पाण्यावर तोलून धरायला फळी मोठी लागते. आजच्या स्की त्याहून बऱ्याच आखूड असतात, कारण आजच्या होड्या जोरात उठतात. शंभर वर्षांपूर्वीसुद्धा गणित तेच होतं: वजन, वेग आणि जोर.

आता वजनाची बेरीज

वह्या काढा. त्या गटाच्या होडीचेच आकडे घेऊया, ४० एचपीचं मशीन लावलं असं धरून.

रिकामी होडी: ३५० किलो.
४० एचपीचं चार-स्ट्रोक मशीन: सुमारे १०० किलो.
२५ लिटर पेट्रोल, टाकीसकट: २५ किलो.
नांगर, दोर, जॅकेटं, बाकी सामान: ३५ किलो.
होडी चालवणारा आणि मागे बघणारी ताई, दोघं मिळून: १३० किलो.

बेरीज ६४० किलो. ही झाली नुसती होडी.

आता मागचं. बनाना ३५ किलो. त्यावर पाच माणसं, प्रत्येकी ६५ धरू, म्हणजे ३२५. मागचे झाले ३६० किलो.

एकूण १,००० किलो. एक टन!

या वजनाला एचपीने भागा. एकेका घोड्याच्या वाट्याला किती किलो येतात, ते कळेल.

६० एचपीचं मशीन थोडं जड असतं, १५ किलो वाढवा. १,०१५ भागिले ६०, म्हणजे १७ किलो.
४० एचपी: १,००० भागिले ४०, म्हणजे २५ किलो.
२५ एचपीचं मशीन हलकं असतं, ५० किलो कमी करा. ९५० भागिले २५, म्हणजे ३८ किलो.

पहिल्या अंदाजाला एक ठोकताळा धरा. ओढायच्या कामाला दर एचपीमागे २५ किलोच्या आत राहावं. स्कीला १८ किंवा त्याहून कमी असलं तर बरं. ३० च्या वर गेलं, तर होडी नाक वर करून रडत राहते, उठत नाही.

आता बघा. २५ एचपी बाद झालं. बनानावर तीनच माणसं बसवली तरी ३३ किलो येतात. ते मशीन वाईट नाही. माणसं बसवून फिरवायला उत्तम आहे, ते काम त्याने दोन हंगाम केलंय. त्याला ओढायला लावू नका एवढंच. बैल गुणी असला म्हणून त्याला उसाच्या गाडीला एकट्याला जुंपत नाहीत.

४० एचपी पाच माणसांना अगदी काठावर आहे. चार माणसं बसवली तर ९३५ भागिले ४०, म्हणजे २३. जमतं. स्कीला मागे एकच माणूस असतो, त्याचे स्कीसकट ७५ किलो धरू. ७१५ भागिले ४०, म्हणजे १८. तेही जमतं, पण मग होडीत जास्तीची माणसं बसवायची नाहीत. ‘आमच्या बाळाला होडीतून फोटो काढायचाय’ म्हणून चार नातेवाईक चढले, की गणित मोडलं.

६० एचपीला सगळंच सोपं जातं. पण थांबा.

मोठं घेतलं म्हणजे झालं काय?

पहिली गोष्ट. ताकद दीडपट केली म्हणून वेग दीडपट होत नाही. ४० वरून ६० वर गेलात तर होडीचा वेग साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. दुप्पट वेग हवा असेल तर ताकद चौपट लागते. तेव्हा वेगासाठी कुणी ६० घ्या म्हणत असेल तर ते महागात पडणारं आहे. उठायच्या जोरासाठी घ्या म्हणत असेल तर ते ऐकण्यासारखं आहे.

दुसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. होडीला किती एचपी झेपतं, हे होडी बांधणाऱ्याने ठरवलेलं असतं. चांगल्या होडीवर तशी पाटी असते: इतकी माणसं, इतकं वजन, इतकं एचपी. पाटी नसेल तर बांधणाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी नको. मशीन ज्या मागच्या फळीवर टांगतात तिला त्याचं वजन, त्याचा रेटा आणि वर दोराची ओढ, हे सगळं सोसावं लागतं. जास्तीचं मशीन लावलं तर फळीला तडे जातात, पिछाडी खाली बसते, लाट आत येते, वळणावर होडी कलंडते. लेखी उत्तर ४० आलं तर ६० चा विषय तिथेच संपला. मग मशीन वाढवायचं नाही, मागची माणसं कमी करायची.

तिसरी गोष्ट, दांड्याची लांबी. आखूड दांडा १५ इंचांचा, लांब २० इंचांचा. मागच्या फळीची उंची मोजून त्याप्रमाणे घ्यावा लागतो. चुकलं तर पंखा हवा खातो किंवा नको इतका खोल जातो आणि एचपी वाया जातं. टेपने मोजा, कागदावर लिहा, कोटेशनमध्ये तोच आकडा आहे का बघा.

पंख्याकडे बघा

एकाच कंपनीचं, एकाच एचपीचं मशीन एका होडीवर झटकन उठतं, दुसऱ्यावर नाही. असं का? बऱ्याचदा कारण पंखा असतं.

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला त्याचा व्यास. दुसऱ्याला पिच म्हणतात. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाऊ शकतो, तो आकडा. मोठं पिच म्हणजे गाडीचा वरचा गिअर. लहान पिच म्हणजे घाट चढायचा गिअर. आपल्याला आंबोली घाट चढायचाय हो, सपाट हायवे नाही! म्हणून ओढायच्या होडीला लहान पिचचा पंखा मागा. पिच एक इंच कमी केलं की मशीनचे मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात आणि ओढ सुधारते. वरचा वेग थोडा कमी होतो, तो आपल्याला नकोच आहे.

बरोबर पंखा कसा ओळखायचा? मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पूर्ण थ्रॉटलला फेरे इतक्यापासून इतक्यापर्यंत हवेत. बऱ्याच चार-स्ट्रोक मशीनला ते ५,००० ते ६,००० च्या आसपास असतं. पूर्ण वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटल देऊन, मीटरवरचा आकडा त्या मापात आला पाहिजे. खाली राहिला तर मशीन रेटून चाललंय. वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या जीपसारखं ते गरम होतं, काजळी धरतं, पेट्रोल पितं आणि वेळेआधी दुरुस्तीला येतं. नवा पंखा काही हजारांत येतो, नवं मशीन लाखांत. विक्रेत्याला हा प्रश्न विचारलात ना, तर तो तुम्हाला खुर्ची देईल.

पैशाचं गणित

आता आपला हातखंडा विषय. इथले आकडे मी सोपे धरते, तुम्ही तुमच्या कोटेशनचे घाला.

समजा ४० आणि ६० च्या किमतीत दीड लाखाचा फरक आहे. व्याज वर्षाला १२ टक्के धरू. म्हणजे पहिल्या वर्षाचं १८,००० व्याज. एकूण १,६८,०००. ६० एचपी घेतल्यावर बनानावर चारऐवजी पाच माणसं बसतील, म्हणजे दर फेरीला एक माणूस जास्त. माणशी २०० रुपये धरू. १,६८,००० भागिले २००, म्हणजे ८४० फेऱ्या. दिवसाला आठ फेऱ्या झाल्या तर १०५ दिवस.

आपला हंगाम किती? पावसाळ्यात खेळ बंद. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. गर्दी शनिवार-रविवारची, म्हणजे साधारण ७० दिवस, वर दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी. तर जादा पैसे फिटायला एक ते दीड हंगाम लागेल. पण कधी? दर फेरीला पाचवा माणूस आला तरच. तुमच्याकडे येतात ती चौकोनी कुटुंबं असतील, आई-वडील आणि दोन मुलं, तर पाचवी जागा रिकामीच जाणार. मग ६० घेऊन काय मिळवलं? हे कुणाला माहीत आहे? दोन हंगाम पावतीपुस्तक लिहिणाऱ्या ताईला. एका वेळी किती माणसं येतात, ते तिच्या पावत्यांत आहे.

आणि पेट्रोल. चार-स्ट्रोक मशीनचा ठोकताळा असा: पूर्ण थ्रॉटलला दर एचपीमागे तासाला ०.३८ लिटर. ४० ला तासाला १५ लिटर, ६० ला २३. दहा मिनिटांच्या फेरीला ४० एचपी जास्तीत जास्त अडीच लिटर खाईल. लिटरला १०० रुपये धरले तर अडीचशे. ६० ला पूर्ण फेरी पूर्ण थ्रॉटल दिला तर पावणेचारशेच्या वर. पण उठल्यावर ६० चा थ्रॉटल बराच मागे घेता येतो, ४० ला काठावरचं वजन असेल तर मागे घेता येत नाही. म्हणून कागदावर दिसतो तेवढा पेट्रोलचा फरक पाण्यावर उरत नाही. जुनं दोन-स्ट्रोक स्वस्तात मिळतंय म्हणून घ्याल तर लक्षात ठेवा, ते त्याच कामाला जास्त पितं. आणि रॉकेलवर चालणारं मासेमारीचं मशीन पेट्रोलइतका जोर देत नाही.

एक चौथी वाटही आहे. पाण्यावरच्या प्रत्येक धंद्याला मोठं मशीन लागतंच असं नाही. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी गटाच्या ताया वल्ही मारून कांदळवनाची सफर घडवतात. लोक लांबून बघायला येतात. त्यांचं पेट्रोल म्हणजे त्यांची माहिती आणि त्यांचे दंड. दुसऱ्याने बनाना लावला म्हणून आपणही लावायचा, हे कर्ज घ्यायचं कारण होऊ नये.

चाचणी घेतल्याशिवाय सही नाही

कागदावरचं गणित झालं की पाण्यावर बघायचं. विक्रेत्याला सांगा, आमच्याच होडीवर लावून दाखवा. रिकाम्या होडीची चाचणी म्हणजे रिकाम्या हंड्याने पाणी आणल्यासारखं. आधी होडीत वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन भरून ठेवा, एक कॅन म्हणजे वीस किलो. मग बनाना बांधा, त्यावर पोहता येणारी माणसं बसवा, सगळ्यांना जॅकेट. आणि दोघी जणींनी काठावर वही आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं. चार गोष्टी लिहायच्या: किती सेकंदात उठली, मीटरवर किती फेरे, वळणावर किती कलली, आणि ओहोटीच्या धारेला तोंड करून ओढताना काय झालं.

ही शेवटची विसरू नका. करलीचं पाणी ओहोटीला समुद्राकडे कसं धावतं, ते देवबागवाल्यांना सांगायला नको. बनाना उलटला आणि पाच माणसं त्या धारेत वाहायला लागली, तर होडी वळून त्यांच्यापर्यंत लगेच पोचली पाहिजे. त्यासाठी जोर शिल्लक हवा. नेहमीच्या कामाला मशीनची सगळी ताकद लागत असेल, तर अडचणीच्या वेळी आणणार कुठून? आपण गटात बचत का करतो, तेच इथे आहे.

नवं मशीन आलं की पहिल्या दिवशीच बनाना लावू नका. पहिले दहा-एक तास ते पुस्तकाप्रमाणे सांभाळून चालवायचं असतं. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर खारं पाणी आतून खातं.

जोर वाढला की जबाबदारी वाढली

हे शेवटचं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते आपण कुणी विसरलेलो नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या घराचा विचार करा, आणि इथे ज्यांची चूल पर्यटकांवर चालते त्यांचाही.

म्हणून मी कर्ज समितीला सुचवलंय की कोटेशनमध्ये मशीनसोबत पुढच्या गोष्टींचे पैसेही धरलेले हवेत. ते नसतील तर अर्ज परत.

प्रत्येक जागेला एक जॅकेट, मुलांच्या मापाचीही. दोर बांधायला होडीच्या मधोमध पक्की जागा, एका कोपऱ्याला किंवा मशीनला दोर बांधायचा नाही. स्कीचा दोर साधारण २३ मीटर लांब असतो, त्याहून बराच मोठा मोकळा पट्टा पुढे-मागे हवा, पोहणाऱ्यांपासून लांब. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला मशीनची लाल दोरी अडकवलेली हवी. तो पडला की दोरी सुटते आणि मशीन बंद होतं. माणूस होडीजवळ आला, चढायला लागला, की मशीन पूर्ण बंद. नुसतं न्यूट्रल नाही, बंद. पंख्याला माणूस कळत नाही.

आणि होडीत चालवणाऱ्याशिवाय दुसरं माणूस, जिची नजर सतत मागे असेल. ही जागा मला गटातल्या ताईसाठी हवी आहे. चालवणारा पुढे बघतो, त्याला मागचं दिसत नाही. थांब म्हणायचा अधिकार मागे बघणारीचा, आणि तिने हात वर केला की थ्रॉटल मागे आलाच पाहिजे, मग चालवणारा तिचा दीर असो की सासरा. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि विमा हवा, तो नसेल तर पहिली फेरीसुद्धा नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवर बोट चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं प्रशिक्षण मिळतं. गटातल्या दोघींनी तरी ते घ्यावं, असं माझं मत आहे. स्कीचा विचार त्यानंतर.

तर मग त्या गटाने काय करावं? तुम्ही विचाराल म्हणून माझं मत सांगते. २५ एचपी खाडीतल्या फेऱ्यांसाठी तसंच ठेवावं. होडी बांधणाऱ्याकडून लेखी आकडा आणावा. तो ४० असेल तर ४० घ्यावं, लहान पिचचा पंखा घ्यावा, आणि बनानावर चारच माणसं, पाचवा कितीही पैसे देत असला तरी. लेखी आकडा ६० किंवा त्याहून जास्त असेल, पावत्यांवरून पाच-पाच जणांचे घोळके येताना दिसत असतील आणि स्की खरंच करायची असेल, तरच ६० चं कर्ज मागावं. निर्णय गटाचा आणि समितीचा.

डोंगराकडच्या तायांनो, तुम्हाला होडी घ्यायची नाही. पण उद्या काजू फोडायचं यंत्र घ्याल, पिठाची चक्की घ्याल, कोकम सरबताचा मिक्सर घ्याल. तेव्हाही हेच चार प्रश्न विचारा. काम नेमकं किती? सगळ्यात जड क्षण कोणता? आपली जागा, आपली वायरिंग, आपली होडी ते सोसते का? आणि भरल्या मालावर चालवून दाखवलं का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका. कुणी म्हणालं, ‘तुम्हाला काय कळतंय’, तर वही पुढे करा.

पुढच्या सभेला तो गट तीन कागद घेऊन येणार आहे: होडीवाल्याचं लेखी पत्र, दोन कोटेशनं आणि दोन हंगामांच्या पावत्यांची बेरीज. कर्ज समितीच्या तायांनी आज मांडलेला भागाकार घरी एकदा स्वतः करून यावा. मी फळ्यावर काही लिहिणार नाही, खडू तुमच्या हातात देणार आहे.